अर्ध्या पेल्यांचा दरबार

पूर्वी कांतिपूर नगरात राजा भूरिबल राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या धान्यकोठारांचा अमात्य होता. कोठारात उंदरांसाठी मांजरे पाळलेली असत. त्या वर्षी एका मांजरीचे एक पिल्लू जन्मतःच डुलणारे निघाले. चालू लागले की पाय चार दिशांना पळत, मान लटलटे, आणि दुधाजवळ पोचताच नाक वाटीत न जाता पलीकडच्या जमिनीवर आपटे. तरी पठ्ठ्या उठे आणि पुन्हा वाटीकडे निघे.

बोधिसत्त्वाने त्याला घरी नेले. उलटू नये म्हणून दूध जड दगडी कुंडीत ठेवले, नख्या रुताव्यात म्हणून फरशीवर गोणपाट अंथरले. ते पीत असताना तो दोन्ही तळव्यांत त्याची छाती धरून बसून राही. पोट भरले की पिल्लू घुरघुरे, कोणत्याही मांजरासारखे.

पुढे कोठारातल्या धान्याला कीड लागली. धान्य पुरते वाळण्याआधीच मुहूर्त काढून कोठारे भरायला लावली होती ती पुरोहित पिंगलाने. पण आपले खापर फोडायला त्याला दुसऱ्याचे डोके हवे होते.

"महाराज, धान्यापाशी डुलणारं जनावर जन्मलं," तो दरबारात म्हणाला. "अशानं राज्य डळमळतं. त्याला पिशवीत घालून नदीत सोडा, आणि पोसणाऱ्याला हद्दपार करा."

दरबाराने माना डोलावल्या. ते डोलणे मात्र कुणाला अपशकुनी वाटले नाही!

या दरबारात एक रीत होती. कुणाचाही पेला अर्ध्याच्या वर भरायचा नाही. राजा उजवा हात कायम शालीखाली ठेवी. रीत का पडली हे सर्वांना ठाऊक होते, आणि कुणी ते बोलत नसे. एका सेवकाने एकदा राजाचा पेला काठोकाठ भरला होता. तो पुन्हा नगरात दिसला नाही.

पिल्लू कुशीत घेऊन उभ्या असलेल्या बोधिसत्त्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र चढला नाही.

"महाराज, इथे पेले अर्धेच का भरतात?"

"जीभ आवर, अमात्या!" पिंगल ओरडला.

"आजवर आवरली, तेच चुकलं. महाराजांचा हात थरथरतो, म्हणून आम्ही सगळे अर्धा पेला पितो. त्यात गैर काहीच नाही. माणसाला असंच सांभाळून घ्यावं. पण तीच थरथर या मुक्या जिवाच्या मानेत आली, तर त्याला नदी? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! महाराज, हुकमावर मुद्रा उजव्या हातानं उठवतात. आज ती आम्हा सर्वांदेखत उठवा. मग माझं काय करायचं ते करा."

शाल हलली आणि राजाचा हात बाहेर आला. तो थरथरत होता. त्याने मुद्रा उचलली नाही, पिल्लू मागितले. पिल्लाची मान लटलटली, नाक नेम चुकून राजाच्या तळहातावर आपटले.

"याला दुखतं का?" राजाने विचारले.

"नाही, महाराज."

"मलाही दुखत नाही. लपवणं दुखतं." राजाने सेवकाकडे पाहिले. "माझा पेला काठोकाठ भर."

अर्धा पेला शालीवर सांडला, उरलेला राजा प्याला. पिल्लू अमात्याकडेच राहिले. पिंगलाला किडलेले धान्य उन्हात घालून निवडायला बसवले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली ती एका भिक्खूवरून. त्याचे हात कापत, भिक्षापात्रातली पेज हिंदकळे, म्हणून पंगतीत शेजारचा भिक्खू त्याच्यापासून आसन सरकवून बसला होता.

शास्ता म्हणाले, "तेव्हाचं पिल्लू म्हणजे हा हात कापणारा भिक्खू. राजा म्हणजे त्याला रोज पेज वाढणारा वृद्ध उपासक. अमात्य मी होतो. आणि पुरोहित पिंगल आज आसन सरकवून बसला आहे. दुबळ्यासाठी बळवंतापुढे उभं राहणं, ही मैत्री पारमिता, मैत्रीचं पूर्णत्व."

सरकून बसलेल्या भिक्खूने आसन उचलून पहिल्या जागी आणले, आणि शेजाऱ्याचे पात्र दोन्ही हातांनी धरले.