दोन जादा खोल्या

समुद्र आणि किनारा एकमेकांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. किनाऱ्याच्या वाळूत साळू नावाची कुर्ली राहत असे. कुरव पक्षी समुद्राकडे पाठ करून गावाकडे उडाले, की वादळ निघाले हे ती ओळखी. मग देवाचे नाव घेत बिळात एक खोल खोली खणी.

पण दोनदा वादळ वाटेतूनच वळले. शेजारी राहणारी धाकटी जाऊ ठकी हसली, "जाऊबाई, दोन खोल्या फुकट खणल्यात की. आता भाडेकरू ठेवा."

"अगं, देव दिसला नाही म्हणून उपास वाया जातो का?" साळू म्हणाली.

तिसऱ्यांदा कुरव गावाकडे परतले. साळूने दार लावायला ओल्या वाळूचा गोळा वळून ठेवला. ठकी पाय पसरून बसून राहिली. दुपारी लाटांनी तिचे उथळ बीळ पुसून टाकले. पाच पिलांना पुढे घालून ती साळूच्या दाराशी आली.

साळूने सगळ्यांना आत घेतले, गोळ्याने दार घट्ट बुजवले आणि म्हणाली, "तू म्हणालीस ते भाडेकरू आले बघ. दोन्ही खोल्या तुमच्याच."

पुढच्या खेपेला कुरव परतले, तेव्हा खणायला आधी ठकी बसली. तिच्या बिळातही एक खोली जास्तीची होती.