शैलजा नावाची बाई

"माझ्या आईचा पुरावा मागतात, भन्ते? पुरावा?"

संघपाल वाहुळेने हातातलं पत्र सतरंजीवर आपटलं. भन्ते उपसेन यांनी ते उचललं नाही.

लातूरजवळच्या माळावरचा हा बुद्धविहार. लहानपणी संघपाल इथल्या शिबिरात दहा दिवस राहिला होता, आणि आकाशातली पहिली चार नक्षत्रं त्याला भन्तेंनीच ओळखायला शिकवली होती. आता तो एका वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ होता, आणि समोरच्याला हे विसरू देत नसे.

"काय झालं, नीट सांग."

"मी एक लघुग्रह शोधला. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात. ओळीनं काढलेल्या चार फोटोंत एक ठिपका सरकत होता, जगात कुणाच्या लक्षात आला नव्हता. सहा वर्षं माग काढला, तेव्हा कुठे कक्षा पक्की झाली, क्रमांक मिळाला. नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा. मी आईचं नाव पाठवलं. आणि ही समिती मला विचारते, या नावाची बाई कोण? तुमच्या कागदपत्रांत तर सापडत नाही!"

"कसा आहे तो?"

"कोण?"

"तुझा लघुग्रह."

संघपालचा आवाज जरा खाली आला.

"लहानच. तीन-साडेतीन किलोमीटर. सूर्याभोवती एक फेरी मारायला पाच वर्षं लागतात त्याला... गोल नाही, ओबडधोबड आहे. कोळशासारखा काळा. शंभर किरण पडले तर पाच परत देतो. म्हणून तर इतकी वर्षं दिसला नाही."

"म्हणजे दगड."

"दगडच."

"आणि नाव काय पाठवलंस?"

"शैलजा."



"या नावानं तिला कोण हाक मारतं?"

"कुणी नाही!" संघपाल उसळला. "म्हणूनच पाठवलं. उभा गाव तिला धोंडाबाई म्हणतो. मुकादम 'ए धोंडे', रेशनवाला 'ए धोंडे'. शाळेत माझा दाखला लिहिताना आईचं नाव ऐकून कारकून हसला होता, भन्ते. मी समोर उभा होतो, सहा वर्षांचा. शैलजा म्हणजे डोंगराची लेक. अर्थ जवळपास तोच, पण हसायची कुणाची हिंमत होणार नाही. आकाशात तरी तिला धड नाव मिळू दे!"

"धोंडा नाव ठेवलं कुणी?"

"आजीनं. आधीची तीन लेकरं गेली होती. असं नाव ठेवलं की काळाची नजर पडत नाही, म्हणायचे. निव्वळ अंधश्रद्धा!"

"अंधश्रद्धाच," भन्ते म्हणाले. "ठेवताना आजी हसली होती का?"

संघपालच्या कानशिलावरची शीर फुगली.

"तुम्ही त्या कारकुनाच्या बाजूनं बोलताय?"

भन्तेंनी फक्त दाराकडे बोट केलं. बाहेर पिंपळाखाली, गोणपाट अंथरून त्याची आई बसली होती. सकाळी त्याच्याबरोबरच आली होती, आणि आल्या आल्या भन्तेंच्या भोजनासाठी मेथी निवडायला घेतली होती.

"हाक मार तिला."

"आता?"

"पत्रातल्या नावानं."

संघपाल तणतणत दाराशी गेला. त्याला हा पोरखेळ वाटत होता. तरी त्यानं हाक मारली.

"शैलजाबाई!"

आई मेथीची जुडी निवडत राहिली.

"शैलजाबाई!" तो ओरडला.

आता तिनं मान वर केली. कान तिचे तिखट होते. लेकाकडे पाहिलं, मग वळून मागे फाटकाकडे पाहिलं, फाटकापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तरी तिनं लुगड्यावरची पानं झटकली, भाजीची पाटी बाजूला ओढली आणि सरकून गोणपाटावर एका माणसापुरती जागा केली.

"कोन बाई आली रे संघपाल? बोलव की इकडं सावलीला. उन्हात कशाला उभी करायलास तिला?"



संघपालनं दाराची चौकट घट्ट धरली.

पाठीमागून भन्ते म्हणाले, "उत्तर दे. आई विचारतेय."