डाव्या बाजूचा ब्रेक

सभापती आनंदराव ढवळे सहकुटुंब द्वारकाआत्याच्या भाचीला बघायला आले आणि मुलापेक्षा त्याच्या गाडी चालवण्याचंच कौतुक सांगत बसले. "आमचा रणधीर अख्खा घाट एका दमात उतरवतो, पण पोटातलं पाणी हलत नाही!"

त्यांच्या पत्नीनं मात्र पोह्यांना हातही लावला नव्हता. चेहरा पांढराफटक. आत्याच्या मनात पाल चुकचुकली. "एवढी गुणाची गाडी, बघून तरी येते," म्हणत ती अंगणात गेली, दार उघडून आत डोकावली आणि परत येऊन बसली.

"सभापती, गाडीचा ब्रेक कुठल्या बाजूला असतो हो?"

"उजवीकडं, चालवणाऱ्याच्या पायाशी. एवढंही ठाऊक नाही?" सभापती खो खो हसले.

"आणि डावीकडं कोण बसतं?"

"रणधीरची आई. नेहमीच."

"मग त्यांच्या पायाखालच्या रबरी मॅटला भोक कसं पडलं? नसलेला ब्रेक दाबून दाबूनच ना?"

बाईंनी पाय पदराआड घेतले. सभापती लालबुंद झाले. "म्हणजे आमचं स्थळ नाकारताय?"

"छे! नवी मॅट टाका. वर्षानं मी स्वतः बघायला येईन. मॅट धड असली, तर मुलगी तुमची."

बाईंनी पोह्यांची बशी पुढं ओढली आणि लेकाला म्हणाल्या, "जाताना बाजारातून मॅट घ्यायचीय. हळू चालव, नाहीतर दुकान मागं राहील."