धाकोजी नाखव्याची निरगाठ

फार वर्षांपूर्वी, आपल्या उंडखारला नावसुद्धा नव्हतं, तेव्हा इथे नुसती खाडी, चिखल आणि खेकडे. वादळातून कसंबसं वाचलेलं एक गलबत या खाडीत शिरलं. त्याचा मालक धाकोजी नाखवा, सोबत बायको चांगुणा आणि चार खलाशांची बिऱ्हाडं.

चांगुणाला समुद्राचा वीट आला होता. तिचं एकच मागणं, आपल्या मातीतला भात खायचा. धाकोजी हो म्हणाला. सगळ्यांनी मिळून खाऱ्या पाण्याला बांध घातला आणि आत भात लावला. नांगर धरला की नाखव्याचे पाय डुगडुगायचे आणि बैल वळून त्याच्याकडे बघायचे, असं म्हणतात.

पण गडी मोठा लबाड! खुंट्याला गलबत बांधायचं ते सुरगाठीने. एक हिसका दिला की सुटेल अशी. चांगुणा रोज ती गाठ बघायची आणि आतून तुटायची. हा माणूस राहायला आलेलाच नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

भात पोटरीत आला आणि भर दुपारी उधाण आलं. बांधाला खिंडार पडलं. दगड टाकले, माती टाकली, सगळं वाहून गेलं. आता शेत जाणार, म्हणून चांगुणा मटकन खाली बसली. तेवढ्यात नाखव्याने गलबत सोडलं. निघाला मेला, असं तिला वाटलं. त्याने मात्र गलबत वळवून थेट खिंडारात घातलं आणि कुऱ्हाड उचलली.

ती ओरडली, "अहो, मग परत कसे जाल?"

"जायचंय कुणाला?" तो म्हणाला, आणि त्याने गलबताचा तळ फोडला.

गलबत बसलं, खिंडार बुजलं. समुद्र बांधाशी आला, आपलंच लेकरू ओळखावं तसा थबकला आणि मुकाट मागे फिरला, असं म्हणतात. चिखलात रुतलेल्या डोलकाठीला पालवी फुटली. तीच ही बांधावरची उंडी. पुढे नाखवा तिच्याखाली बसून समुद्राकडे बघायचा तेव्हा त्याचे डोळे भरून यायचे, खोटं कशाला बोलू? पण जेवायला घरचा भात असायचा, आणि वाढायला चांगुणा.

अजूनही उंडखारात कुणाचं मन रमेना, तर लोक चिडवतात, "काय रे, सुरगाठच का अजून?" आणि गावात नवं बिऱ्हाड आलं, नवी सून आली, की आधी उंडीपाशी जायचं. बुंध्याला दोरी बांधायची, पक्की निरगाठ मारायची आणि मोठ्याने सांगायचं, "नाखवा, राहायला आलो."