वाघाचा डाव आणि अडुळशाचा काढा

एकदा काय झालं, म्हाळू नावाची बाई गावाच्या पारावर सांगत आली, की माझी शेळी वाघानं नेली. पळवून नाही, डावात जिंकून नेली. आणि तिचं कोणी म्हणजे कोणी ऐकलं नाही. खरं बोलणाऱ्या बाईचं असंच होतं, बरं का. खोटं बोलली असती तर लगेच पटलं असतं. पाटील म्हणाला, वाघ डाव खेळतो होय, मग माझा बैल पोथी वाचत असेल. पाटलीण म्हणाली, खाल्लीस ती खाल्लीस, वर वाघाचं नाव कशाला? सगळा पार हसला. म्हाळू उठली आणि माळावरच्या आपल्या खोपीकडे चालू लागली.

आता ही म्हाळू कोण ते ऐका. पाय पांघरुणात घे रे आधी.

तिचा बाप बिरू, शेळ्या राखणारा. म्हाळू रांगत होती तेव्हा तिची आई गेली. लोक म्हणाले, दुसरी बायको कर. त्यानं केली नाही. पोरीला घोंगडीत बांधून पाठीशी घेतलं आणि शेळ्यांमागं निघाला. तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. दाव्यासारखी, घट्ट आणि वाकडी. पण रोज घालायचा.

मग पोर मोठी झाली आणि बापाचे नाद तिला लागले. दोघं मिळून ओढ्यातले गुळगुळीत खडे वेचायची. शीळ घालून तित्तिरांना फसवायची. आणि सगळ्यांत मोठा नाद वाघ-बकरीचा. बिरूनं माळावरच्या खडकावर रेघा कोरल्या होत्या. तीन काळे खडे म्हणजे वाघ, पंधरा पांढरे म्हणजे बकऱ्या. वाघांनी उड्या मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघांना कोंडायचं. बाप वाघ घ्यायचा, लेक बकऱ्या. आणि लेक जिंकायची. सहा वर्षांची असताना जिंकली, सोळाची असताना जिंकली, केस पिकायला लागले तरी जिंकतच होती.

बापाला एक खोकला होता. डाव रंगात आला की यायचा. म्हाळूनं खडा टेकवायला हात खाली न्यावा, की याचा घसा खवखवलाच. तिचा जीव तुटायचा. ती अडुळशाची पानं उकळून काढा करायची. कडूजहर. बाप तोंड वाकडं करून घटाघटा प्यायचा. वर्षानुवर्षं प्याला, खोकला काही गेला नाही.

मग एक दिवस बापच गेला. मागं राहिल्या तीन शेळ्या. भोरी, कबरी, आणि बापानं बोटानं दूध चाटवून जगवलेली म्हातारी मोरी. म्हाळू खडकावर डाव मांडायची आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची. त्यात काय राम? आपली खोड आपल्याला ठाऊक.

अशात एका दुपारी वाघ येऊन समोर बसला. खराखुरा, पट्ट्यांचा. म्हणाला, झुडपाआडून तुमचा डाव बघत आलोय इतकी वर्षं. जिंकलीस तर शेळी तुझी, हरलीस तर माझी. म्हाळू जन्मात हरली नव्हती. पदर खोचून बसली. आणि भाकरी भाजून होईल एवढ्या वेळात हरली. वाघ भोरीला घेऊन गेला. हेच सांगायला ती पारावर गेली होती, आणि गाव हसलं होतं.

आठ दिवसांनी वाघ परत आला. आता म्हाळू जपून खेळली. तरी हरली. कबरीला नेताना वाघ म्हणाला, "तुला खेळता येत नाही गं. येतं म्हणून सांगितलं कोणी?"

म्हाळू त्या खडकापाशी बसून राहिली. शेळीचं दुःख होतंच. पण दुसरंच काही तिला टोचत होतं. मग तिच्या ध्यानात आलं. खोकला नव्हता. हात चुकीच्या घरावर गेला की बाप खोकायचा, आणि ती त्याच्याकडे बघून हात मागं घ्यायची. आजार नव्हताच तो. आणि काढा? ठणठणीत माणूस एवढी वर्षं कडूजहर काढा प्याला, पण लेकीला हरू दिलं नाही. हे आता सांगायचं कोणाला? गावाला? ती गेलीच नाही.

तिसऱ्या खेपेला वाघ यायच्या आधी तिनं काढा उकळला. भांडं बापासाठी आपल्या पाठीमागं आदळलं आणि म्हणाली, "आबा, लबाड आहेस तू. घे, पी."

मग वाघ आला. राहिली होती फक्त मोरी. म्हाळूनं खडा उचलला, हात खाली नेला, आणि मागून कोणीतरी खोकलं.

तिनं मागं पाहिलं नाही. हात उचलला, दुसऱ्या घरावर खडा ठेवला. पुन्हा खोकला, पुन्हा दुसरं घर. सावल्या लांबल्या तेव्हा तिन्ही काळे खडे कोंडले गेले होते.

वाघ चिडला. म्हणाला, "ही लबाडी आहे. तुझ्यामागं कोणीतरी खोकत होतं."

"तुला ऐकू आलं?" म्हाळूनं विचारलं.

"मला काय कान नाहीत?"

तेव्हा म्हाळू रडली. बाप गेला तेव्हाही एवढी रडली नव्हती. वाघ गांगरून म्हणाला, बरं बरं, ठेव तुझी शेळी. काढ्याचं भांडं बघितलं तर रिकामं.

तेव्हापासून वाघ दर आठ दिवसांनी येतो. शेळीबिळी मागत नाही. डाव मांडतात, हात खाली नेतात आणि दोघंही कान देऊन बसतात. म्हाळू एकटीच आहे, पण सुखात आहे. मोरी सुखात आहे. वाघाला त्यानंतर एकही डाव जिंकता आलेला नाही, तरी तोही सुखातच म्हणायचा.

चला, डोळे मिटा आता. माळाकडून डरकाळी ऐकू आली तर घाबरायचं नाही. तो कोणाला खायला येत नाही. आपल्याला कोणी फसवलं, ते रानभर सांगत फिरतो बिचारा. नीट कान दिला तर नावही कळतं. बिरू.