शेवंडसाहेब ओळीत उभे राहतात

त्या किनाऱ्यावर जितके शंख तितकीच पोटं होती. पोटं खेकड्यांची, मऊ, उघडी, कुणीही टोचावं अशी. देवाने या जातीला नांग्या दिल्या आणि पोटावर कवच घालायला विसरला. म्हणून ते मेलेल्या गोगलगायींच्या शंखांत राहत. शंख जुने, चिरा पडलेले, भरतीला गळणारे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं रोजची. तरी त्या काळ्या खडकावर उघड्या पोटाने कुणी झोपत नसे, कारण त्यांच्यात ओळीची रीत होती.

एखादा मोठा रिकामा शंख वाहून आला की कुणी आत उडी मारायची नाही. आधी सगळ्यांनी जमायचं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळ लावायची. थोरला नव्या शंखात शिरे, त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. शिव्यागाळी भरपूर चाले, पण नवं घेणारा आपलं जुनं मागे ठेवी. न ठेवणारा कुणी असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मग खोल पाण्यातून काटेरी कवचाचे शेवंडसाहेब आले. मिशा अंगापेक्षा लांब आणि बोलणं मिशांपेक्षा.

"काय हे दिवस काढताय," साहेब म्हणाले. "सगळे एकदम बाहेर या, जुने शंख माझ्या ताब्यात द्या. याच खडकावर ऐसपैस नवे देतो, आतून मोत्यासारखे. तोवर पलीकडच्या चिखलात बाटल्यांची बुचं ठेवलीत, तिथे राहा."

नमुन्याचा एक शंख त्यांनी सोबत आणला होता. खेकड्यांचा पुढारी धोंडबा आत जाऊन फिरून आला आणि पुन्हा आत गेला.

ठकूआक्का ही तिथली सगळ्यात जुनी म्हातारी. तिचा शंख बेढब, चीर पडलेला, पण तिच्या पोटाचा पीळ आणि शंखाच्या आतला पीळ जन्मभरात एक झालेले. दुसरीकडे आपल्याला झोप लागत नाही, हे सांगून तिने साऱ्या खडकाला पिडलं होतं. तिने विचारलं, "ओळीत पुढे कोण?"

"मी," साहेब म्हणाले.

एवढा मोठा माणूस आपल्या ओळीत म्हटल्यावर खेकड्यांना कोण आनंद झाला.

"मग तुमचं कवच मागे ठेवाल?"

"ठेवणारच की, आक्का. पुढच्या भरतीला."

"आक्का, शुभकार्यात शिंकू नका," धोंडबा म्हणाला. साहेबांचं कवच म्हणजे साहेबांचं अंगच. ते उतरवून देतील कसे, असं विचारण्याइतकं उद्धट तिथे कुणी नव्हतं.

शंख गेले. भरत्या येत राहिल्या आणि साहेब प्रत्येक भरतीला पुढच्या भरतीचं नाव घेत राहिले. चिखलात खेकडे बुचांत बसत, अर्धं पोट बाहेर. बगळ्यांची चंगळ झाली. धोंडबा त्यातच गेला. बुचात नीट बसायला नको का, असं म्हणणारेही भेटले. त्यांच्या तोंडाला कोण लागणार.

इकडे खडकावर त्याच जुन्या शंखांचा मनोरा उभा राहिला, घासूनपुसून चकचकीत. खोल पाण्यातल्या मंडळींनी तो वाटून घेतला. राहायला थोडेच आले, बाकीच्यांनी शंखाच्या तोंडाला गोटे लावून ठेवले. पण रिकाम्या घरातही वाळू साचते, ती झाडायला बाया लागतात, आणि बाया चिखलात हव्या तितक्या होत्या.

ठकूआक्काला वरच्या मजल्यावरचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी तिने एका शंखावरची बुजवलेली चीर ओळखली. बूच बाहेर काढून ठेवलं, कारण आतली वळणं अरुंद. गोटा सरकवून ती वाळू ढकलत आत आत गेली. शेवटच्या वळणाशी तिचं पोट आपणहून पीळ घेऊन बसलं. खडक सोडल्यापासून ते प्रथमच कुठे नीट टेकलं होतं. तिला हलावंसंच वाटेना.

बऱ्याच वेळाने राखणदार चिंबोरीने बाहेरून नांगी आपटली. "कोण राहतं आत?"

"कोणी नाही," आतून ठकूआक्का म्हणाली. "झाडतेय."