राजेसाहेबांची उसळणारी मोटार

तळसंगीच्या राजेसाहेबांची मोटार अंगात आल्यासारखी वागायला लागली होती. ड्रायव्हरनं पाय अर्धाच दाबावा, गाडीनं दोन क्षण विचार करावा, आणि मागून कुणी लाथ घातल्यासारखं पुढे झेपावावं! काल तिनं राजवाड्याच्या फाटकाचा खांब आडवा केला आणि राजेसाहेबांचा फेटा त्यांच्याच मांडीवर आणून ठेवला. खांबाचं दुःख कुणालाच नव्हतं. पण फेटा पडला म्हणजे कुणाची तरी नोकरी जाणार, हे सगळे ओळखून होते.

राज्य जाऊन पंचाहत्तर वर्षं लोटली होती, पण ही बातमी राजेसाहेबांच्या कानावर घालायचं धाडस अजून कुणाला झालं नव्हतं. सकाळी त्यांनी मोटारीसमोरच खुर्ची मांडून दरबार भरवला.

"दगडू, तुझा पाय घसरतोय!"

दगडू लोखंडे बावीस वर्षं राजेसाहेबांची गाडी चालवत होता. तो हात जोडून म्हणाला, "न्हाई जी सरकार. पाय जागचा हालला न्हाई."

"मग काय मी दाबला?"

"सरकार कसे दाबतील? सरकार मागं बसतात!" कारभारी भाऊसाहेबांनी लगेच री ओढली. सरकारांना शिंक आली तरी वाहवा करायची, हे त्यांचं मुख्य काम होतं.

या मोटारीची ताकद पूर्वी वाढवून देणारा तज्ज्ञ तिचं दुखणं बघायला आठवड्यापूर्वी शहरातून येऊन गेला होता. त्यानं लॅपटॉपचं झाकण उघडलं, बॉनेटचं नाही. "कॉम्प्युटर झकास आहे, ड्रायव्हर बदला," एवढं सांगून तो पोटभर जेवला आणि गेला.

तेवढ्यात दगडूची लेक सगुणा गॅरेजमधून धावत आली. आयटीआय शिकलेली पोर; हाताला ग्रीस तसंच होतं. बाप खाली मान घालून उभा असलेला बघून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"सरकार, गाडी मी बघू?"

"बघ की!" राजेसाहेब मिशीत हसले. "पण एक नट खोलायचा नाही. एक भाग बदलायचा नाही. आणि दिवेलागणीच्या आत दुखणं घालवायचं!"

"आणि घालवलं तर?"

"तर ज्याच्या हातानं हा घोटाळा झाला, तो आजच बाडबिस्तरा घेऊन माझं आवार सोडेल. मग तो कुणी का असेना! नाही घालवलंस, तर तुझा बाप सोडेल. हा राजाचा शब्द आहे!"

दगडूचा चेहरा उतरला. पागेमागच्या खोलीतच त्याचा सगळा संसार होता. तो लेकीच्या कानाशी पुटपुटला, "बाई गं, कशाला जीभ चालवलीस?"

"गप बसा बाबा. सरकार, आज गाडी तुम्ही चालवा. मी शेजारी बसते."

"मी? का?"

"बाबांचा पाय घसरतो ना? सरकारांचा घसरणार न्हाई."

एवढ्यावर नाही म्हणेल तो राजा कसला! मोटार देवीच्या चढाला लागली. सगुणाची नजर मात्र रस्त्यावर नव्हती. टर्बोचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर होती. एरवी एकवर थांबणारा काटा दीडच्या पुढे सरकला आणि मोटारीनं अशी उसळी घेतली की राजेसाहेबांच्या तोंडून खास राजघराण्यातली नसलेली एक शिवी बाहेर पडली.

"सरकार, पाय घसरला?"

"मुळीच नाही!" राजेसाहेब ओरडले, आणि आपण काय बोललो ते त्यांना जरा उशिरा कळलं.

परत आल्यावर सगुणानं बॉनेट वर केलं. आत एका नळीवर लाल नाड्याचे तीन जाड वेढे दिसत होते, करकचून आवळलेले.

"टर्बो इंजिनात हवा कोंबतो," ती म्हणाली. "दाब पुरे झाला की एक झडप उघडून जादा जोर सोडून देते, कुकरच्या शिट्टीवानी. पण दाब पुरे झाला ही खबर झडपेला पोचवते ती ही नळी. हिचाच गळा आवळलाय. खबर पोचत न्हाई, झडप उघडत न्हाई, दाब चढत जातो आणि गाडी उसळते."

"खंडेनवमीच्या पूजेचा नाडा आहे तो!" भाऊसाहेब किंचाळले. "पवित्र आहे! गाडी उसळली की मीच आणखी एक वेढा द्यायला सांगितलं होतं."

"म्हणूनच जास्त उसळायला लागली, भाऊसाहेब. सरकार, आता एवढी गाठ सोडवा."

राजेसाहेबांनी स्वतः नाडा सोडवला. सगुणानं चेपलेली नळी चोळून गोल केली. मोटार पुन्हा चढावर गेली. काटा एकवर आला आणि तिथंच थांबला. मोटार शहाण्या बैलासारखी चढ चढली.

"शाब्बास!" राजेसाहेब उतरता उतरता गरजले. "आता बोल, तो नाडा बांधला कोणत्या गाढवानं?"

भाऊसाहेब आकाशाकडे बघायला लागले. दगडूनं डोळेच मिटले. खंडेनवमीला तलवारीपासून मोटारीपर्यंत सगळ्यांना नाडा राजानं आपल्या हातानंच बांधायचा, दुसऱ्या कुणी नाही, ही तळसंगीची सात पिढ्यांची रीत होती.

ती रीत आता राजेसाहेबांनाही आठवली. त्यांचे कान लाल झाले.

"पोरी, म्हणजे गुन्हेगार मी?"

"मी कुठं तसं म्हटलं, सरकार?" सगुणा हात पुसत शांतपणे म्हणाली. "फक्त एवढं सांगा, राजवाड्याचं सामान हलवायला ट्रक किती लागतील? बाबांचं एका हातगाडीत मावलं असतं. तुमचं काय तेवढ्यात व्हायचं न्हाई. दिवेलागण जवळ आलीय, ट्रकवाल्यांना सांगून ठेवते!"

भाऊसाहेबांनी आ वासला. मग राजेसाहेबांचं पोट हलायला लागलं, मिशा हलायला लागल्या आणि ते असे खदाखदा हसले की फेटा पुन्हा खाली आला!

"हरलो!" डोळे पुसत ते म्हणाले. "दगडू, तुझ्यावर घेतलेला आळ खोटा होता. पागेमागची खोली आजपासून तुझ्या नावावर. आणि पोरी, या आवारातल्या सगळ्या मोटारी तुझ्या हवाली. मला राहू देशील ना इथं?"

"ऱ्हावा की, सरकार," सगुणा म्हणाली. "फक्त बॉनेटला हात लावायचा न्हाई."